अंतर : मायना, ओसरी आणि गावकूस

समुद्रावर दाट धुके उतरले असताना बोटीवरील प्रवाशाला वाटणारी भीती आणि त्याच धुक्याचे, भीती क्षणभर बाजूला सारल्यावर जाणवणारे रूप, या दोहोंमधला फरक एडवर्ड बुलो याने १९१२ साली 'मानसिक अंतर' या कल्पनेच्या साह्याने स्पष्ट केला. पदव्युत्तर वर्गात हा निबंध शिकवताना आपण बहुधा धुक्याच्या उदाहरणापाशी रेंगाळतो आणि मग परीक्षेला सोयीचा असा निष्कर्ष सांगून पुढे जातो : रसिक आणि कलाकृती यांच्यातील अंतर शक्य तितके कमी असावे, पण ते नाहीसे होऊ नये. त्याच निबंधातील एक लहानसे प्रतिपादन मात्र वर्गात सहसा मागे राहते. प्रत्यक्ष अवकाशातले अंतर आणि काळातले अंतर ही दोन्ही, बुलोच्या मते, मानसिक अंतराचीच विशिष्ट रूपे होत. मोजपट्टीने मोजता येणारे अंतर तेवढे खरे आणि मनातले अंतर हे त्यावरून बेतलेले रूपक, ही आपली सर्वसाधारण समजूत त्याने अशा रीतीने उलटी केली होती. त्याच्यापाशी त्यासाठी आत्मनिरीक्षणाखेरीज दुसरा पुरावा नव्हता.

मराठीत हा प्रश्न विचारू गेले की प्रथम शब्दच आडवा येतो. 'दोन गावांमधले अंतर' म्हणताना 'अंतर' हा मधल्या मोकळ्या जागेचा वाचक असतो; 'अंतरंग' किंवा 'अंतरीची खूण' म्हणताना तोच शब्द आतल्या जागेचा वाचक होतो. ही दुहेरी अर्थवत्ता संस्कृतातूनच चालत आलेली आहे. त्यावर मराठीने आपली भर घातली. 'अंतर देणे' म्हणजे सोडून देणे, आणि 'अंतरणे' म्हणजे कायमचे मुकणे. माहेर अंतरते, गाव अंतरतो. नात्यांविषयी बोलायचे झाले की आपली भाषा जवळजवळ सर्वस्वी ('जवळजवळ' हाही त्यातलाच) अवकाशाची भाषा होते : जवळचा, लांबचा, दुरावा, आतल्या गोटातला, वरचढ, डोक्यावर बसवलेला, पायरी सोडून बोलणारा. जॉर्ज लेकॉफ आणि मार्क जॉन्सन यांनी १९८० साली असे प्रतिपादन केले की अशी रूपके हे भाषेचे अलंकरण नसून विचाराचीच घडण असते, आणि या घडणीच्या बुडाशी शरीराचा अवकाशातील अनुभव असतो. आपल्या समीक्षेने हे मत पुष्कळसे स्वीकारले. तथापि त्याही वेळी त्यामागे उदाहरणे होती ती भाषेचीच. अलीकडच्या काही वर्षांत मेंदूविज्ञानाने या प्रश्नात हात घातला आहे, आणि प्रस्तुत टिपणाचे एक निमित्त ते आहे. दुसरे घरगुती आहे. त्याकडे ओघाने येईन.

मेंदू अवकाश कसा जाणतो, या संशोधनाचा इतिहास थोडक्यात सांगण्याजोगा आहे. एडवर्ड टोलमन याने १९४८ मध्ये, चक्रव्यूहात सोडलेले उंदीर केवळ डावी-उजवी वळणे पाठ करीत नाहीत, तर त्यांच्या डोक्यात त्या जागेचा एक नकाशा तयार होत असावा, असा तर्क मांडला. वर्तनवादाच्या भर अमदानीत 'डोक्यातला नकाशा' हा शब्दप्रयोग करणे धाडसाचे होते. १९७१ मध्ये जॉन ओकीफ आणि त्याचा सहकारी जोनाथन दोस्त्रोव्हस्की यांना उंदराच्या मेंदूतील हिप्पोकॅम्पस या भागात अशा पेशी आढळल्या की, उंदीर विशिष्ट जागी आला म्हणजे विशिष्ट पेशी उद्दीपित होते आणि तो तेथून हलला की शांत होते. २००५ मध्ये माय-ब्रिट मोझर आणि एडवर्ड मोझर यांच्या प्रयोगशाळेने हिप्पोकॅम्पसच्या शेजारच्या एन्टोरायनल कॉर्टेक्समध्ये, अवकाशावर जणू षट्कोनी जाळी अंथरणाऱ्या पेशी दाखवून दिल्या. ओकीफ आणि मोझर दांपत्य यांना २०१४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. येथवरचे सारे जागेविषयीचे.

त्याच वर्षी कॅरोलिन पार्किन्सन आणि तिच्या सहकाऱ्यांचा एक निबंध प्रसिद्ध झाला. वस्तू किती जवळ वा लांब आहे, सांगितलेली वेळ नजीकची आहे की दूरची, आणि छायाचित्रातील व्यक्ती मित्र आहे की नुसती तोंडओळखीची, या तिन्ही प्रकारच्या अंतरांना मेंदूच्या उजव्या पार्श्वखंडातील एकाच भागात समान असा प्रतिसाद मिळतो, असे त्यांना आढळले. बुलोचे विधान आठवावे असाच हा निष्कर्ष आहे. पुढच्या वर्षी, २०१५ मध्ये, रीटा तावारेस, डॅनिएला शिलर आणि इतरांनी याहून धीट प्रयोग केला. त्यांनी सहभागी व्यक्तींना एक कथारूप खेळ खेळायला दिला. खेळणारा एका नव्या गावात येतो. त्याला काम हवे आहे आणि राहायला जागा हवी आहे. त्यासाठी तो वेगवेगळ्या पात्रांना भेटतो, आणि प्रत्येक भेटीत त्याने काय करावे हे त्याला निवडायचे असते : ऐकायचे की आज्ञा करायची, सलगी दाखवायची की हातभर राखून वागायचे. यातून प्रत्येक पात्राचे स्थान दोन अक्षांवर सरकत राहते. एक अक्ष सत्तेचा, दुसरा जवळिकीचा. या काल्पनिक पटावर पात्र जसजसे सरकत गेले तसतसा हिप्पोकॅम्पसमधील क्रियेत त्याला अनुरूप बदल दिसला. ज्या अवयवात रस्त्यांचे नकाशे असतात त्याच अवयवाच्या आधाराने माणूस नात्यांतूनही वाट काढतो, असे या निबंधाचे म्हणणे. २०१८ मध्ये वटवाघळांच्या आणि उंदरांच्या मेंदूत, आपण स्वतः कोठे आहोत याऐवजी आपला सोबती कोठे आहे याची नोंद ठेवणाऱ्या पेशीही सापडल्या.

असे निबंध वाचताना साहित्याच्या अभ्यासकाने थोडे जपून असावे. मेंदूची रंगीत छायाचित्रे पाहिली की आपण मंडळी फार लवकर हरखून जातो. एके काळी संरचनावादाच्या आकृत्या पाहून असेच हरखलो होतो. छायाचित्रात दिसतो तो रक्तप्रवाहातील फरक, आणि त्यावरून केलेला संख्याशास्त्रीय अंदाज. दोन गोष्टी एका जागी घडतात म्हणून त्या एकच आहेत असे सिद्ध होत नाही. एका ओट्यावर भाजीही चिरली जाते आणि कपडेही घडी केले जातात. तरीही सत्ता आणि जवळीक या दोन अक्षांची कल्पना मला सोडवेना. कारण मराठी माणूस ती कल्पना फार पूर्वीपासून लिहीत आला आहे, तीही पत्राच्या पहिल्या ओळीत.

आपल्या पत्राचा मायना पाहावा. 'सा. न. वि. वि.' आणि 'स. न. वि. वि.' यांत फरक फक्त एका कान्याचा. 'सा.' म्हणजे साष्टांग : आठही अंगे जमिनीला टेकलेली, लिहिणारा खाली आणि वाचणारा वर. 'स.' म्हणजे सप्रेम : दोघे एका पातळीवर, मध्ये फक्त प्रेमाचे कमीअधिक अंतर. एक उभा अक्ष, एक आडवा. वडिलांना 'तीर्थरूप' लिहायचे, आणि वडिलांच्या ठिकाणी असलेल्याला 'तीर्थस्वरूप'. हा भेद पाळण्याची शिस्त माझ्या पिढीपर्यंत शाळेत शिकवली जात होती. यातील 'तीर्थ' हा शब्दही मुळात जागेचाच आहे : नदी ओलांडण्याची, पाण्यात उतरण्याची जागा, घाट. पाकिटावर 'मुक्काम पोस्ट' असा एक पत्ता आणि आतल्या कागदावर मायन्याच्या रूपाने दुसरा, असे आपल्या पत्राला नेहमी दोन पत्ते असत.

माझ्या वडिलांचे सारे आयुष्य पहिल्या प्रकारच्या पत्त्यांत गेले. ते रेल्वे मेल सर्व्हिसमध्ये सॉर्टर होते. रात्रीच्या धावत्या गाडीत, टपालाच्या डब्यातील खणांसमोर उभे राहून ते पत्रांची विभागणी करीत. १९७२ मध्ये पिनकोड आला, पण त्यानंतरही कित्येक वर्षे लोक तो लिहीत नसत. तेव्हा कोणते गाव कोणत्या टपालाच्या वाटेवर आहे हे डोक्यातच असावे लागे. अण्णांच्या डोक्यात ते होते. नावे सारखी असलेली गावे त्यांना तालुक्यासकट पाठ होती. बाहेर अंधार, गाडी हलते आहे, स्वतःचे ठिकाण क्षणाक्षणाला बदलते आहे, आणि हातातले पत्र मात्र न चुकता आपल्या खणात जाते : ओकीफने नोबेलच्या व्यासपीठावरून जे सांगितले ते मला या दृश्यावरून लवकर समजले.

सत्तरी उलटल्यावर त्यांची वाट चुकू लागली. प्रथम बाजारातून घरी येताना, मग बिल्डिंगच्या जिन्यात, शेवटी न्हाणीघराकडे जाताना. निदान अल्झायमरचे होते. या रोगातील विकृती बहुधा एन्टोरायनल कॉर्टेक्सच्या परिसरात सुरू होते आणि तेथून हिप्पोकॅम्पसमध्ये पसरते, हे ब्राक दांपत्याने १९९१ मध्ये दाखवले होते. त्यामुळे दिशाभूल हे त्याचे आरंभीचे लक्षण असणे स्वाभाविक ठरते. डॉक्टरांनी हे मला कागदावर आकृती काढून समजावून सांगितले. वाट हरवल्यानंतर काही महिन्यांनी नाती हरवू लागली तेव्हा तावारेस-शिलर यांचा निबंध मी पुन्हा काढून वाचला. तो मला तेव्हा केवळ संशोधन म्हणून वाचता आला नाही.

एके दिवशी अण्णांनी मला 'आपण' म्हटले. 'आपण केव्हा आलात?' असा तो प्रश्न होता. जन्मभर 'तू' असलेल्या लेकीला हा शब्द कसा लागतो हे सांगत बसत नाही. ज्यांना असा अनुभव आला असेल त्यांना ते कळेल. येथे मला नोंदवायचे आहे ते व्याकरण. त्यांचे व्याकरण शेवटपर्यंत शाबूत होते. डॉक्टरांना ते 'आपण' म्हणत, शेजारच्या गृहस्थांना 'तुम्ही', शेजारच्या लहान मुलाला 'तू'. कोण कोणाचे कोण हे संपूर्ण पुसले गेले असताना कोणाला कसे बोलावे हे मात्र पुसले गेले नव्हते. विचार केल्यावर त्याचे कारण दिसू लागले. सत्तेचा अक्ष माणसाच्या अंगावर लिहिलेला असतो : वय, कपडे, उभे राहण्याची ढब, हातातली बॅग यांवरून तो वाचता येतो आणि त्यासाठी आठवण लागत नाही. जवळीक कोठेही लिहिलेली नसते. ती असते ती केवळ आठवणीत. एक बाई, चाळिशी उलटलेली, चष्मा लावलेली, हातात पुस्तके : अण्णांनी माझे जे दिसत होते ते वाचले आणि त्याला योग्य असे सर्वनाम वापरले. चूक म्हणून दाखवता येईल असे त्यात काही नव्हते.

रॉजर ब्राउन आणि अल्बर्ट गिलमन यांचा सत्तेची आणि ऐक्याची सर्वनामे या विषयावरील १९६० चा निबंध भाषाविज्ञानाच्या विद्यार्थ्यांना परिचित आहे. युरोपीय भाषांतील तू-तुम्ही यांसारख्या जोड्यांमागे हेच दोन अक्ष त्यांनी दाखवले. मराठीत ही व्यवस्था अधिक गुंतागुंतीची आहे. आपले 'तू' एकाच वेळी अगदी जवळच्यासाठी आणि अगदी खालच्यासाठी आहे : आई तू, विठ्ठल तू, आणि हरकाम्या गडीही तू. 'आपण' हे तर त्याहून विलक्षण सर्वनाम. समोरच्याला सर्वांत वर आणि सर्वांत लांब ठेवणारे 'आपण' आणि समोरच्याला स्वतःत सामावून घेणारे 'आपण' यांचे रूप एकच. 'आपण घरी' एवढे शब्द उच्चारले गेले असता 'जा' येणार की 'जाऊ' येणार हे क्रियापदापर्यंत कळत नाही. संध्याकाळ झाली की अण्णा अस्वस्थ होत, दाराशी जात आणि म्हणत, 'आपण आता घरी...' आणि तेथेच थांबत. त्यांचे वाक्य क्रियापदापर्यंत पोचत नसे.

येथवरचे प्रतिपादन इतके सुबक जुळते की त्याविषयी संशय यावा, आणि तो आला. अण्णांची देखभाल करण्यासाठी आम्ही एक बाई ठेवल्या होत्या. एका दुपारी अण्णांनी त्यांना आडनाव विचारले. त्यांनी सांगितले. मग गाव विचारले, मग 'गावात कुठे?' असे विचारले. उत्तर ऐकून अण्णा शांतपणे म्हणाले, 'मग तू ओसरीवर बस.' त्यात राग नव्हता, तुच्छताही नव्हती. पत्र खणात टाकावे तसे ते वाक्य होते. त्या बाई हसून म्हणाल्या, 'आजोबा, हितं कुठली आली ओसरी? चौथा मजला हाय ह्यो.' आणि त्यांनी त्यांना औषध दिले.

माझे वडील जातपात न मानणारे होते असे आम्ही सारे समजत होतो, आणि ते खोटे नव्हते. नोकरीत त्यांचे डब्यातले सोबती सर्व जातींचे होते; त्यांच्या डब्यातले ते खात आणि आपल्यातले देत. तेओद्यूल रिबो या फ्रेंच मानसशास्त्रज्ञाने १८८१ मध्येच नोंदवून ठेवले आहे की, स्मृतिनाशात अलीकडचे आधी जाते आणि जुने सर्वांत शेवटी. अण्णांची नोकरी गेली, सोबती गेले, त्यांनी जाणीवपूर्वक कमावलेले वागणे गेले, मी गेले. आणि या सगळ्याच्या खाली १९५०च्या सुमाराचा एक वाडा जसाच्या तसा उभा राहिला. पायरी, ओटा, ओसरी, माजघर, स्वयंपाकघर, देवघर. ज्याला कोठवर येता येते ती त्याची जागा, आणि त्याची जागा हेच त्याच्याशी असलेले नाते. 'आपली पायरी ओळखून राहावे' या वाक्प्रचारातली पायरी आज आपल्याला रूपक वाटते. त्या वाड्यात ती दगडाची होती.

माझ्या मते लेकॉफ-जॉन्सन यांचे प्रतिपादन मराठीपुरते तरी अपुरे पडते ते येथे. त्यांच्या मते मूल आईच्या कुशीत ऊब अनुभवते, आणि त्या शरीरानुभवावर 'जवळीक' हे रूपक उभे राहते. कुशीपुरते ते खरे आहे. पण 'गावकुसाबाहेर' या शब्दामागे कोणाचा शरीरानुभव आहे? तेथे अंतर आधी आखले गेले, भिंत घातली गेली, पाणवठे वेगळे केले गेले, आणि मग त्या आखलेल्या अंतराचा शरीराला अनुभव आला. घुर्ये यांनी जातिसंस्थेवरील १९३२च्या ग्रंथात पेशवाईतील पुण्याची अशी नोंद दिली आहे की, दुपारी तीननंतर आणि सकाळी नऊपूर्वी महार-मांगांना शहराच्या दरवाजांच्या आत येण्यास मनाई होती, कारण त्या वेळी सावल्या लांब पडतात. येथे सामाजिक अंतर हे रूपक नाही, मानसिकही नाही. ते सूर्याच्या उंचीवरून मोजलेले आहे. अवकाशातून नाते समजून घेण्याची मेंदूची शक्ती नैसर्गिक असेल. त्या शक्तीच्या हाती जो नकाशा दिला जातो तो नैसर्गिक नसतो. मेंदूविज्ञानाचा आधार घेऊन 'आपला-परका हा भेद मूलतःच आहे' असे कोणी म्हणू लागले (आणि तशी घाई झालेले विद्वान मला चर्चासत्रांतून भेटले आहेत) तर त्यांना हा फरक दाखवला पाहिजे.

याच नकाशाची दुसरी बाजू त्रिंबक नारायण आत्रे यांच्या 'गावगाडा' (१९१५) या ग्रंथामुळे परिचित झालेल्या गावव्यवस्थेत आहे. शिवेचा वाद उपस्थित झाला म्हणजे गावाची हद्द कोठून कोठवर जाते हे सांगण्याचा मान महाराचा, आणि त्याचा शब्द प्रमाण मानला जाई. ज्याला गावकुसाच्या आत घर नव्हते त्याच्याच पायांत आणि डोक्यात गावाचा संपूर्ण नकाशा होता. बाहेर ठेवल्या गेलेल्या माणसाला आतल्या माणसापेक्षा अधिक अंतरे ठाऊक असावी लागतात. ती चुकली तर काय होते हेही त्यालाच ठाऊक असते. दलित आत्मकथने वाचताना गावाची जी तपशीलवार आखणी येते, कोणती विहीर, कोणती आळी, कोठे थांबून हाक मारायची, तिला आपली समीक्षा 'वातावरणनिर्मिती' म्हणत आली. ती वातावरणनिर्मिती नव्हे. दया पवार यांच्या 'बलुतं'मध्ये (१९७८) मुंबईतील कावाखाना आणि गाव या दोन भूगोलांत निवेदकाला सतत ये-जा करावी लागते. त्या दोन्हींतील कोपरे न् कोपरे त्याला माहीत असतात, कारण न माहीत असणे परवडणारे नसते.

आता तावारेस आणि सहकाऱ्यांच्या खेळाकडे पुन्हा पाहावे. नव्या गावात आलेला माणूस, त्याला काम हवे, राहायला जागा हवी, आणि भेटणाऱ्या माणसांशी कसे वागावे हे त्याने ठरवायचे. मराठी वाचकाला ही गोष्ट ओळखीची वाटली पाहिजे. बाबूराव बागुल यांची 'जेव्हा मी जात चोरली होती' ही कथा, १९६३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच नावाच्या संग्रहातली, नेमकी याच परिस्थितीपासून सुरू होते. रेल्वेतली नोकरी, परका गाव, आणि खोलीचा शोध. नायक शिकलेला आहे, कविमनाचा आहे, बोलण्याने माणसे जिंकणारा आहे. लोक त्याला मान देतात, जवळ करतात, घरी नेतात. खेळाच्या परिभाषेत सांगायचे तर दोन्ही अक्षांवर त्याचे स्थान उंचावत जाते. आणि मग जात उघड होते.

प्रयोगात असे होऊ शकत नाही. तेथे प्रत्येक पात्राचे स्थान ठरते ते खेळणाऱ्याने काय केले यावरून. तो नम्र झाला तर एक, उद्धट झाला तर दुसरे. बागुलांच्या नायकाने काहीच केलेले नसते. त्याचे बोलणे, वागणे, कविता, सारे कालच्यासारखेच असते. बदलते ती एक माहिती, आणि तेवढ्याने घरात बसवलेला माणूस मार खाण्याच्या जागी जातो. या उलथापालथीचा आलेख काढायचा तर सत्ता आणि जवळीक हे दोन अक्ष पुरणार नाहीत, कारण ज्या कागदावर ते अक्ष काढले आहेत तोच कागद दुसऱ्या कोणाच्या मालकीचा आहे. प्रयोगकर्त्यांचा दोष काढावा असा हेतू नाही. त्यांच्या डोळ्यांपुढचा माणूस मोकळेपणाने स्थलांतर करणारा, कोणत्याही दारावर टकटक करू शकणारा असा आहे, आणि त्या माणसापुरते त्यांचे निष्कर्ष मला पटतात. मात्र 'मानवी मेंदू' असे म्हणताना तो मेंदू कोणत्या दारापुढे उभा आहे हे सांगण्याचे काम कथावाङ्मयाला करावे लागते.

कथेत काशीनाथ नावाचे आणखी एक पात्र आहे. तोही त्याच जातीचा; पण त्याने ती लपवलेली नाही, आणि त्याचे मोल तो रोज देतो. नायक त्याच्यापासून अंतर राखून असतो. शेवटी मारातून त्याला सोडवायला येतो तो काशीनाथच. ही कथा मी वर्गात अनेकदा शिकवली आहे, आणि प्रत्येक वेळी विद्यार्थी काशीनाथच्या येण्याविषयी बोलतात. गेल्या दोन-तीन वर्षांत माझे लक्ष शीर्षकातील क्रियापदाकडे अधिक जाऊ लागले आहे. 'चोरणे' याचा एक अर्थ सर्वांना ठाऊक आहे, आणि 'लपवणे' ही त्याची छटाही. पण मराठीत आपण 'अंग चोरणे' असेही म्हणतो : गर्दीच्या डब्यात, परक्याच्या घरात, मोठ्यांच्या बैठकीत माणूस अंग चोरून बसतो, म्हणजे आपल्या शरीराने व्यापलेली जागा तो कमी करतो. जात चोरणाऱ्या नायकाला संपूर्ण कथाभर हेही करावे लागते. कोणी प्रेमाने जवळ सरकले की तो आत आत सरकतो, आणि त्याला मिळालेली खोली जसजशी आपलीशी होत जाते तसतशी त्याला तीत कमी कमी जागा उरते.